मुद्देमालातली कुऱ्हाड

उमाकांतराव पाटलांनी दाढी वाढवायला घेतली, तेव्हा शहाद्यातल्या त्यांच्या कॉलनीत पहिल्या आठवड्यात आजाराची, दुसऱ्या आठवड्यात नवसाची आणि तिसऱ्या आठवड्यात खात्यामार्फत चौकशीची बातमी पसरली. वनखात्याच्या एका रेंज ऑफिसात चौतीस वर्षं लिपिक असलेल्या, रोज सकाळी साडेसातला न चुकता दाढी करणाऱ्या माणसानं निवृत्तीला महिना उरला असताना वस्तरा खाली ठेवला, तर लोकांनी दुसरं काय समजायचं? ऑफिस कुठलं ते मात्र विचारू नका. उमाकांतरावांची पेन्शन अजून मंजूर व्हायची आहे.

खरं कारण होतं त्यांची मुलगी रिना. ती नाशिकला जाहिरातींच्या कंपनीत काम करते. तिनं फोनवर फर्मान काढलं, "पप्पा, निरोपाच्या बॅनरवर तुमचा तो आधार कार्डातला फोटो अजिबात चालणार नाही. तुमचं वेगळं फोटोशूट करायचं. रानगडी लूक!" हा लूक म्हणजे काय, ते तिनं मोबाइलवर पाठवून दाखवलं. ज्यांनी जन्मात आगकाडीपलीकडे लाकूड मोडलेलं नाही अशी पोरं जाड चौकड्यांचे शर्ट, विजार धरणारे चामडी गॅलिस आणि घोट्यावर येणारे बूट घालून, दाढीला तेल लावून, खांद्यावर कुऱ्हाड टाकून उभी होती. "आणि तुम्ही तर खरेखुरे जंगलातले," रिना म्हणाली.

हे वाक्य उमाकांतरावांच्या काळजात रुतलं. कारण ते जंगलातले नव्हते. सागाच्या नगाचा घेर त्यांना दशांशासकट सांगता येई, पण तो नग उभा असताना कसा दिसतो हे पाहायला ते कधी गेले नव्हते. लग्नाकार्यात कुणीतरी ओळख करून देई, "हे आमचे जंगलखात्यातले." लगेच समोरचा डोळे मोठे करून विचारी, "वाघ पाह्यला का?" आणि उमाकांतरावांना सांगावं लागे, "मी आवक-जावक पाहतो." चौतीस वर्षांत किमान दीडशे लग्नं झाली असतील. एकदा तरी आपण रानातला माणूस दिसावं अशी इच्छा या गृहस्थानं मनात धरली असेल, तर त्यात हसण्यासारखं काय आहे, मला सांगा.

पार्सल आलं. लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरीचा सदरा, गॅलिस, बूट आणि वर विणलेली टोपी. पारा त्रेचाळीसवर. उमाकांतराव सगळं अंगावर चढवून बाहेरच्या खोलीत आले, तेव्हा ममताबाई भेंडी चिरत होत्या. त्यांनी विळीवरून मान वर केली.

"हाई काय सोंग शे? वैशाखमा लोकरना सदरा! आठे लोके बनियनवर बठेल शेत."

"फॅशन आहे ती," उमाकांतराव म्हणाले. घरात अहिराणी बोलणारा हा माणूस अपमान झाला की ऑफिसच्या मराठीत शिरतो, हे ममताबाईंना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्या पुन्हा भेंडीकडे वळल्या.

शेजारचे पितांबर अण्णा मात्र मदतीला धावून आले. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून अण्णांकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या, एक म्हैस आणि भरपूर सल्ला. उमाकांतरावांनी हार्डवेअरच्या दुकानातून पिवळ्या दांड्याची नवी कोरी कुऱ्हाड आणून दाखवली, तेव्हा अण्णांनी ती उलटसुलट करून नाक मुरडलं. "नवी कुऱ्हाड खांदावर टाकशी तं नवरदेव दिसशी, भो. जुनी दख. हात लागेल पाहिजे."

हात लागलेली कुऱ्हाड! आणि उमाकांतरावांना एकदम आठवलं, अशा कुऱ्हाडी आपल्याच ऑफिसच्या मागच्या खोलीत ढिगानं पडल्या आहेत. जंगलात विनापरवाना लाकूड तोडताना पकडलेल्यांचा तो जप्त मुद्देमाल. आयुष्यभर त्यांनी त्याची वही ठेवली होती. दुसरा कुणी असता तर एखादी कुऱ्हाड पिशवीत घालून मोकळा झाला असता. उमाकांतरावांनी अर्ज लिहिला. तो आवक रजिस्टरला नोंदवून स्वतःच्याच टेबलावर ठेवला आणि चहा घेऊन आल्यावर तपासायला घेतला. "प्रयोजन मोघम आहे" असा शेरा मारून तो स्वतःलाच परत केला. दुसऱ्या अर्जात "छायाचित्रणार्थ, एक दिवसाकरिता" अशी दुरुस्ती झाल्यावर त्यांचं समाधान झालं. रेंजर साहेब तरुण आणि कामात असलेले. त्यांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली.

त्या ढिगातून उमाकांतरावांनी एक निवडली. पातळ, कमानदार पातं. धावड्याच्या लाकडाचा दांडा, हातांच्या घामानं काळा आणि गुळगुळीत झालेला. टोकाला तीन खाचा आणि एक तिरपा डाग दिलेला. गळ्यात पुठ्ठ्याचा बिल्ला, क्रमांक एकशे बारा. बिल्ला फोटोत वाईट दिसेल म्हणून तो त्यांनी काढून खिशात ठेवला.

आता उरलं संगीत. रिनाला नुसता फोटो नको होता, व्हिडिओही हवा होता. त्यात पप्पांनी पावा वाजवायचा आणि मागे डोंगरातला अस्सल ढोल घुमायचा. पाव्याचा सराव तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी अण्णा कुंपणापाशी आले. चेहरा गंभीर होता.

"उमाकांत, मन्ही म्हैस पान्हा चोरी ऱ्हायनी."

"त्याचा माझ्याशी काय संबंध?"

"तुन्हा पावा बंद कर, भो. मंग दखूत संबंध शे का नही."

पावा बंद झाला आणि म्हैस संध्याकाळी बादली भरून दूध देती झाली. या घटनेचा उमाकांतरावांच्या मनावर खोल परिणाम झाला. दोन दिवस ते अण्णांकडे चहाला गेले नाहीत.

ढोलवाला मात्र उत्तम मिळाला. तोरणमाळच्या घाटाखाली एका पाड्यावर राहणारा रेवजी बाजाराला शहाद्यात येई, त्याच्याशी ठरलं. रेवजी पन्नाशीकडे झुकलेला, आश्रमशाळेत शिकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं एकच अट घातली. ढोल मोठा आहे, तो खाली यायचा नाही, तुम्ही वर या.

म्हणून रिना नाशिकहून आली आणि एका सकाळी बापलेक जीप करून पाड्यावर पोचले. नऊ वाजले होते, पण उन्हानं आपलं काम सुरू केलं होतं. उमाकांतराव जीपमधून उतरले ते लोकरीचा सदरा, टोपी, बूट आणि दाढीसकट. पाड्यावरची माणसं फार सभ्य. कुणी हसलं नाही. उदेसिंग नावाचा पाड्याचा म्हातारा कारभारी पुढे आला, त्यानं पाहुण्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काळजीनं रेवजीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" उमाकांतरावांनी विचारलं.

"विचारतात, सायबाला थंडी-ताप आहे का. खाट सावलीत टाकू का."

रिनानं तोंडावर ओढणी घेतली. उमाकांतराव ताठ चालत मोहाच्या झाडाखाली गेले, उभे राहिले आणि त्यांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली. ढोल घुमू लागला. दोन ठोके पडले आणि तो थांबला.

"पातं मागं करा, सायब. मानेकडं केलंत. मान जाईल," रेवजी म्हणाला आणि दाखवायला म्हणून त्यानं कुऱ्हाड स्वतःच्या हातात घेतली. त्याचा अंगठा दांड्यावरून सरकत टोकाच्या तीन खाचांपाशी आला आणि तिथंच राहिला. मग त्यानं घराकडं तोंड करून आईला हाक मारली.

कमलीबाई आली. सत्तरीपलीकडची, वाकलेली, पण चालीत घाई. तिनं कुऱ्हाड घेतली, खाचा पाहिल्या नाहीत की डाग पाहिला नाही. दांड्याचं एक टोक काखेत धरलं आणि तो आपल्या हाताला लावून पाहिला. तिची बोटं संपली तरी दांडा चार बोटं उरला. तिनं मान हलवली आणि खाली बसली.

"ही माझ्या बापाची आहे. आमशाची," रेवजी म्हणाला. "आमच्यात दांडा ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाचा असतो. त्याचा हात आईपेक्षा चार बोटं लांब होता. माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करायचा, कुऱ्हाड त्याच्याजवळ ठेवायची असते. ही जंगलवाल्यांनी नेलेली. अकरा वर्षांमागं बाप गेला, तेव्हा आम्ही लाकडाची कोरून ठेवली. खोटी. आई तेव्हापासून म्हणते, तुझा बाप तिकडं रिकाम्या हातानं फिरतोय." मग त्यानं सरळ विचारलं, "सायब, ही ठेवू का आम्ही?"

आणि इथं उमाकांतरावांच्या तोंडून जे गेलं, ते त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. चौतीस वर्षं जी जीभ एकाच वळणानं चालली, ती आपोआप चालली.

"रीतसर अर्ज करा. कार्यालयात या."

चौकड्यांच्या लोकरी सदऱ्यात, बूट घालून उभा असलेला माणूस एका म्हातारीला हे सांगत होता. रिनानं कॅमेरा खाली केला. कमलीबाईनं कुऱ्हाड मुकाट्यानं परत दिली. तिला हे वाक्य तर्जुम्याशिवायच कळलं असावं, पूर्वी बरेचदा ऐकलं असेल. कुऱ्हाड पाच वाजेपर्यंत जमा करायची होती, म्हणून ती जीपमधून परत आली. घरी रिनानं आईला सगळं सांगितलं आणि रात्रीचं जेवण न घेता नाशिकची गाडी पकडली.

ममताबाईंनी ताट वाढलं. मग म्हणाल्या, "ती बाईना नवरानी वस्तू. अन तुम्ही ती परत लई उनात?"

उमाकांतराव पाणी प्याले आणि नियम सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांना एकही नियम आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्देमालाची जुनी वही काढली. क्रमांक एकशे बारा, सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. अक्षर त्यांचंच. आमशाला वाळलेल्या लाकडासाठी पकडलं होतं आणि ताकीद देऊन सोडलं होतं. हत्यार मालकास परत द्यावे, असा स्पष्ट आदेश होता. खाली शेऱ्याच्या रकान्यात ओळीनं सात तारखा. "मालक हजर. पावतीपुस्तक उपलब्ध नाही. पुन्हा येणेस सांगितले." सातही वेळा तेच. आठवी नोंद दीड वर्षानंतरची होती. "पावतीपुस्तक प्राप्त. मालक हजर नाही."

उमाकांतरावांना आता सगळं आठवलं. त्या जुलैत धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला होता. कपाटात पावतीपुस्तकं होती, पण त्यांवर "जिल्हा धुळे" छापलेलं होतं. नवी छापून यायची होती. पावतीवर खाडाखोड करायची नाही, हे नोकरीला लागताना कुणीतरी बजावून सांगितलेलं. आणि उमाकांतराव सांगितलेलं ऐकणारे.

आता तरी द्यावी म्हटलं, तर गाडं पुढं सरकेना. एकतीस तारखेला त्यांनी चार्ज द्यायचा आणि त्याच दिवशी जुना मुद्देमाल भंगारात निघायचा, ट्रकसुद्धा ठरलेला. हातात सहा दिवस होते. मालक मयत, तेव्हा मृत्यूचा दाखला हवा. आमशाच्या मृत्यूची नोंदच नव्हती. वारसाचा दाखला मागायला तहसील कचेरीत गेले, तर तिथला माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "जमिनीसाठी वारस लावतो आम्ही. कुऱ्हाडीला वारस कसा लावू?" मूळ फाईल धुळ्यात होती. कुऱ्हाड नव्या जिल्ह्यात आली आणि फाईल जुन्यातच राहिली. धुळ्याला फोन लावला. तिकडून एक थंड, सभ्य आवाज म्हणाला, "रीतसर अर्ज करा, साहेब." त्या आवाजाचा उमाकांतरावांना संताप आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी फोन आदळला.

पितांबर अण्णांनी ओट्यावर बसून प्रश्न निकालात काढला. "कसाले इतली उठाठेव? तुन्ही ती पिवळी कुऱ्हाड तठे ठेव, जुनी लई जा. कोण मोजस?"

हाच तर घोटाळा होता. त्या खोलीतल्या कुऱ्हाडी मोजणारा चौतीस वर्षांत एकच माणूस झाला होता, आणि तो हे करूच शकत नव्हता. पिवळी कुऱ्हाड पिशवीत घालून ते फाटकापर्यंत गेले आणि परत आले. आपण प्रामाणिक आहोत की नुसते भित्रे, हे त्यांना त्या फाटकापाशी ठरवता येईना. हे काही सुखाचं नव्हतं.

एकोणतीस तारखेला ते रेंजर साहेबांसमोर वही घेऊन उभे राहिले. साहेबांनी या वेळी फोन बाजूला ठेवला, वही वाचली, सातही तारखांवरून बोट फिरवलं.

"आदेश तर तेव्हाच झालाय. दाखले कशाला हवेत? मुलाला द्या, माझ्या जबाबदारीवर. पावतीपुस्तक आहे ना?"

"मुद्देमाल परतीची नवी केव्हाच संपली, सर. जुनंच शिल्लक आहे. धुळे छापलेलं."

"मग धुळे खोडा, नंदुरबार लिहा. मी शेजारी सही करतो."

उमाकांतरावांनी पेन काढलं. एक रेघ मारली, वर एक शब्द लिहिला. साहेबांनी सही केली. झालं. भिंतीवरच्या घड्याळात पाव मिनिटही गेलं नसेल. उमाकांतराव पावती घेऊन मागच्या खोलीत गेले आणि कुऱ्हाडींच्या ढिगाशेजारी खुर्चीवर बसून राहिले. त्यांना लाज वाटत होती. इतकी, की शिपायानं चहा आणला तरी त्यांना मान वर करता आली नाही.

तीस तारखेला ते पाड्यावर निघाले. साधा पांढरा सदरा, पायात चपला. ममताबाई न विचारताच जीपमध्ये येऊन बसल्या. निरोप पोचला होता, त्यामुळे पाड्यावर उदेसिंग आणि चार म्हातारे मोहाच्या झाडाखाली आधीच बसले होते. रेवजीनं खाट टाकली. उमाकांतरावांनी पावती आणि शाईचा पॅड पुढे केला.

"अंगठा मागून," रेवजी म्हणाला. "वस्तू उशिरा आली, तर उशीर का झाला ते चार माणसांत सांगायचं. मग घ्यायची. आमच्यात असं आहे."

उमाकांतराव याही बाबतीत तयारीनं आले होते. त्यांनी खिशातून टंकलिखित निवेदन काढलं, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. "सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमधील जिल्हा विभाजनामुळे उद्भवलेल्या प्रशासकीय अडचणीस्तव आवश्यक त्या विहित नमुन्यातील..."

"सायब," रेवजीनं हात वर केला. "हे आमच्या बोलीत होत नाही."

"कुठला शब्द?"

"सगळेच. साधं सांगा."

उमाकांतरावांनी कागदाची घडी केली. ममताबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे पाहत होत्या.

"पावतीपुस्तक नव्हतं," ते म्हणाले. रेवजीनं ते बोलीत सांगितलं. म्हातारे थांबून राहिले, पुढे काहीतरी असणार म्हणून. "नव्हतं असं नाही. होतं. त्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. ते खोडून नवं लिहायला पाहिजे होतं. मी ते खोडलं नाही. मला भीती वाटली. ते सात वेळा खाली आले, सातही वेळा मी परत पाठवलं. चूक माझी आहे."

रेवजीनं हे सावकाश, अडखळत सांगितलं. तो आपल्या बापाचीच गोष्ट सांगत होता. मग कमलीबाईनं काहीतरी विचारलं.

"आई विचारते, एवढंच?"

"एवढंच."

कमलीबाई उठून जवळ आली. तिनं उमाकांतरावांच्या तोंडाकडे, त्या वाढलेल्या दाढीकडे नीट निरखून पाहिलं आणि रेवजीशी बरंच बोलली.

"आई म्हणते, पाणी देणारा बाबू तूच का? बाप खालून आला की सांगायचा, कुऱ्हाड नाही मिळाली, पण तिथं एक बाबू आहे, तो दर वेळी बस म्हणतो, पाणी देतो. दुसरं कोणी बस म्हणत नाही. पाचव्या-सहाव्या खेपेला आई म्हणाली, आता नको जाऊ. तर बाप म्हणाला, जातो, तो बाबू भला आहे, त्याच्या हातात असतं तर त्यानं केव्हाच दिली असती."

उमाकांतरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दाढीत उतरलं. त्यांनी ते पुसलं नाही. ममताबाईंनी पदर तोंडाला लावला. कमलीबाईनं पावतीवर अंगठा उठवला, कुऱ्हाड उचलली, पातं मागं करून आपल्या खांद्यावर अडकवली आणि कुणाची वाट न पाहता ती नाल्यापलीकडच्या दगडाकडे, आमशाकडे, चालू लागली. रेवजी आणि म्हातारे मागोमाग उठले.

उमाकांतराव खाटेवरच बसून राहिले. ते आठवून पाहत होते. तारखा सातही पाठ होत्या. त्या माणसाचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना.